लुगड्यांतली मेरीमाता

गेल्या नाताळांतली गोष्ट. वसईकडील माझा एक जुना विद्यार्थी, धर्मानें ख्रिस्ती, दरवर्षीं न चुकतां मला नाताळचें शुभेच्छापत्र पाठवितो. शाळेंत असतांना हा मुलगा संस्कृतांत पहिला येई, आणि त्यावरून वर्गांतल्या शास्त्र्यांच्या मुलांना मी काय काय बोललों असेन तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. एरवीं त्याच्या पत्रावर बर्फ, टोंकदार परदेशी वृक्ष आणि लाल टोपीचा म्हातारा असावयाचा. केळीच्या बागेंत राहणाऱ्या माणसानें पुण्याच्या माणसाला बर्फाचें चित्र पाठवावें याची मला दरवर्षीं गंमत वाटे. या खेपेस मात्र चित्र निराळें होतें. एक सांवळी, सडपातळ स्त्री लुगडें नेसून, डोईवरून पदर घेऊन बसली आहे. मांडीवर मूल आहे. आणि तिची दृष्टि मुलाकडेहि नाहीं व पाहणाराकडेहि नाहीं, किंचित् खालीं, जणूं आंत वळलेली आहे.

पत्र आलें तेव्हां मी घरीं नव्हतों. तें पडलें आमच्या वहिनींच्या हातीं. वहिनी म्हणजे माझ्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी. वय ब्यायशीं, दृष्टि मंद, परंतु देवघराचा कारभार अद्याप त्यांच्याकडेच. त्यांनीं चित्र खिडकीशीं नेऊन निरखून पाहिलें आणि सरळ बाळकृष्णाच्या शेजारीं नेऊन ठेविलें. तीन दिवस त्या चित्राला गंधफूल मिळालें. चौथ्या दिवशीं माझ्या थोरल्या मुलानें तें सहज उलटून पाहिलें, मागचा मजकूर वाचला, आणि रात्रीं पानावर बसल्यावर तो म्हणाला, “काकू, ती यशोदा नव्हे. ती ख्रिस्ताची आई आहे.”

वहिनी वाढतां वाढतां थांबल्या. “मांडीवर मूल आहे ना? मग आईच ती,” एवढें बोलून त्या भात आणावयास गेल्या.

मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि व्हावें असेंहि मला वाटलें नाहीं. कारण त्याचें म्हणणें केवळ कर्मठपणाचें नव्हतें. आमची कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. तिचें मूळचें ठिकाण साष्टींतील वेर्णें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमदानींत तेथील देवळें पाडलीं जाऊं लागलीं, तेव्हां भक्तांनीं देवीला जुवारीपलीकडे अंत्रुज महालांत नेलें, आणि आजहि ती तेथेंच आहे. मंगेशाची, शांतादुर्गेची कथा याहून वेगळी नाहीं. “नाना,” मुलगा मला म्हणाला, “ज्यांच्यामुळें आपल्या देवीला घरदार सोडून नदी ओलांडावी लागली, त्यांचें दैवत आपल्या देवघरांत कसें शोभतें, तें तुम्हीच सांगा.” घरांतलीं लहानथोर सारीं माझ्याकडे पाहूं लागलीं. पेपर तपासल्याशिवाय मीं आजवर कोणाला पास केलेलें नाहीं कीं नापास केलेलें नाहीं. म्हणून चौकशीसाठीं मुदत मागून घेतली. ती चौकशी करतां करतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

प्रथम विद्यार्थ्यास पत्र घातलें. त्याचें उत्तर आलें कीं चित्र आंजेलु द फोन्सेका यांचें आहे, आणि “गुरुजी, हे चित्रकार तुमच्या पुण्याचेच म्हणावयाचे.” हें वाचून मला लाज वाटली. सारा जन्म पुण्यांत गेला, पण हें नांव मीं ऐकलें नव्हतें.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ सालीं तिसवाडींतील जुवें बेटावर झाला. पोर्तुगीज त्या गांवाला सांतु इश्तेव्ह म्हणत. घराणें सुखवस्तु ख्रिस्ती. मुलगा चित्रकलेकडे वळला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. परंतु तेथील पाश्चात्य धाटणीचें शिक्षण त्याच्या मनास येईना. हिंदुस्थानांत जन्मून ग्रीक पुतळ्यांच्या छाया काढीत बसावयाचें, हें त्याला पटलें नाहीं. तेव्हां तो उठला आणि बंगाल्यांत गेला. शांतिनिकेतनांत नंदलाल बसूंच्या हाताखालीं तो शिकला. अवनींद्रनाथ ठाकुरांचेंहि मार्गदर्शन त्याला लाभलें. ख्रिस्ती मुलानें भारतीय चित्रकलेचा अभ्यास केला, त्यांतहि अजिंठ्याच्या परंपरेचें पुनरुज्जीवन करूं पाहणाऱ्या गुरूंजवळ केला, हें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व कथा या एका निश्चयांतून निघालेली आहे.

शिक्षण संपवून सन १९३० च्या पुढेंमागें फोन्सेका गोव्यास परतले. मनांत हेतु असा कीं आपण आपल्या देवाचीं चित्रें आपल्या डोळ्यांनीं काढावीं. त्यांनीं मेरीला लुगडें नेसविलें. तिला आपल्याकडील स्त्रियांची कांति दिली. येशूला भगव्या वस्त्रांतील संन्याशाचें रूप दिलें. आणि झालें काय? गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत मोठा गहजब उडाला. मेरीमातेला हिंदु बाईसारखी दाखविणें हा तिचा अपमान आहे, देवनिंदा आहे, असा ओरडा झाला. गोरी कांति, निळा झगा आणि सोनेरी केंस याखेरीज पवित्रता असूं शकते ही कल्पनाच त्या लोकांस सहन होईना. अखेर फोन्सेकांनीं गोवा सोडला आणि ते पुण्यास येऊन राहिले.

येथें मी वाचतां वाचतां थांबलों. म्हाळसेनें जुवारी ओलांडली ती परधर्मीयांच्या भयानें. आणि चारशें वर्षांच्या आंतच त्याच भूमींतील एका ख्रिस्ती माणसाला, आपल्या देवतेला लुगडें नेसविलें या अपराधासाठीं, स्वधर्मीयांच्या रोषामुळें घर सोडावें लागलें. माझ्या मुलाच्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे, हें मी जाणून होतों. परंतु प्रश्न पूर्वींइतका सरळ राहिला नाहीं, एवढें खरें.

पुण्यांत फोन्सेकांना आसरा मिळाला तो शिवाजीनगर भागांतील ख्रिस्तप्रेमसेवा संघाच्या आश्रमांत. या आश्रमाची हकीकत महाराष्ट्रांतील वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. त्याचे संस्थापक जॅक विन्स्लो हे इंग्रज मिशनरी. इंग्रजी थाटाच्या मिशनबंगल्यांत राहून हिंदी माणसाच्या अंतःकरणांत शिरतां येणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें, आणि १९२२ च्या सुमारास भारतीय राहणीचा हा संघ स्थापन केला. पुढें जो आदिवासींचा अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आला तो व्हेरियर एल्विन प्रथम हिंदुस्थानांत आला तो याच संघांत, १९२७ सालीं. विन्स्लो यांना ही दृष्टि कोणापासून मिळाली असेल? रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून! टिळकांचें इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनींच लिहिलेलें आहे. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ आपल्यांतील कोणत्या घरांत वाचलीं गेलेलीं नाहींत? टिळकांनीं १८९५ सालीं धर्मांतर केलें त्याबद्दल आमच्या आजोबांच्या पिढीनें त्यांना क्षमा केली नाहीं. तथापि ख्रिस्ताची भक्ति ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनें करतां येईल हा त्यांचा ध्यास होता, आणि त्यासाठीं विलायती मिशनऱ्यांशीं त्यांचे मतभेदहि झाले. त्यांनीं अभंगांत आणि ओव्यांत जें केलें तेंच फोन्सेकांनीं रंगांत केलें असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ओवीचा विषय निघाला म्हणून सांगतों. हा धागा टिळकांहूनहि बराच मागें जातो. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यांत आला आणि त्यानें जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. मराठी भाषेची थोरवी गाणारा त्यांतला भाग मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविला आहे. शब्दांच्या बाबतींत ख्रिस्ती लोकांना जें चारशें वर्षांपूर्वीं मान्य झालें, तें चित्राच्या बाबतींत मान्य व्हावयास १९६२ ते १९६५ या वर्षांत भरलेल्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेपर्यंत वाट पाहावी लागली. त्या परिषदेनें स्थानिक संस्कृतींना दार उघडलें. फोन्सेका १९६७ सालीं वारले. म्हणजे आपलें म्हणणें खुद्द रोमला पटूं लागल्याचें पाहण्यास ते जेमतेम जगले. त्यापूर्वीं त्यांना धीर देणारे विद्वान् नव्हतेच असें नाहीं. मुंबईचे स्पॅनिश इतिहाससंशोधक फादर हेरास यांनीं त्यांचा सदैव पाठपुरावा केला.

यंदां मे महिन्यांत म्हार्दोळला अभिषेकासाठीं गेलों तेव्हां वाट थोडी वांकडी करून पर्वरीस गेलों. तेथील झेवियर इतिहाससंशोधन केंद्राकडे फोन्सेकांच्या चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. त्यांच्या पत्नीनें तो जिवापाड जपला होता व अखेर या संस्थेच्या हवालीं केला. सकाळीं म्हाळसेचें दर्शन आणि दुपारीं मेरीचें, असा तो दिवस गेला. बरोबर मुलगा होताच. तो मुकाट्यानें आला, हेंच पुष्कळ.

मूळ चित्रें पाहिल्यावर पहिली गोष्ट ध्यानीं आली ती रंगांची. छापलेल्या पत्रावरून तिची कल्पना येत नाहीं. रंग कागदावर बसलेला नाहीं, कागदांत मुरलेला आहे. या पद्धतींत जलरंगानें चित्र काढावयाचें, वाळूं द्यावयाचें, मग सगळा कागदच पाण्यानें भिजवावयाचा. वरचा रंग वाहून जातो, धरलेला तेवढा राहतो. त्यावर पुन्हां पातळ रंगाचा हात द्यावयाचा, पुन्हां पाणी. असें अनेक वेळां. अवनींद्रनाथांनीं हें तंत्र जपानी चित्रकारांच्या सहवासांत सिद्ध केलें. ताइकान आणि हिशिदा हे दोघे १९०३ सालीं कलकत्त्यास येऊन राहिले होते. या धुण्यामुळें चित्रांतल्या रेषांच्या कडा विरघळतात आणि पहांटेच्या धुक्यांतून पाहावें तसें सर्व दिसूं लागतें. मला आपलें वाटलें कीं ही रंगविण्याची रीत नसून वैराग्याची रीत आहे. लावावें, धुवावें, जें उरेल तेंच आपलें.

पाहणारालाहि तें चित्र घाई करूं देत नाहीं. तैलरंगांतील झगझगीत चित्र दारांतूनच हांक मारतें. या चित्राजवळ जावें लागतें, आणि गेल्यावर थांबावें लागतें. मेरीची दृष्टि कोठें आहे हें शोधतां शोधतां आपली दृष्टि स्थिर होते. शुक्रनीतींत मूर्तिकाराला स्पष्टच सांगितलें आहे कीं मूर्ति घडवावयाची ती ध्यानांत पाहून घडवावी, प्रत्यक्ष मनुष्य समोर बसवून नव्हे. प्रतिमेचें प्रयोजनच ध्यान, म्हणून ती उत्पन्नहि ध्यानांतून झाली पाहिजे, असा तो विचार आहे. फोन्सेकांनीं हें वचन वाचलें होतें किंवा कसें, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या गुरूंच्या घराण्यांत तें जिवंत होतें.

आतां आध्यात्मिक चिंतनाचा मुद्दा. ख्रिस्ती साधनेंत याविषयीं एक पद्धति आहे आणि ती कळल्यावर मला फोन्सेकांच्या चित्रांचें मर्म कळल्यासारखें झालें. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानें सोळाव्या शतकांत आध्यात्मिक साधनेचें एक पुस्तक रचलें. त्यांत तो साधकाला सांगतो कीं ध्यानास बसण्यापूर्वीं प्रसंगाचें स्थळ मनांत रचावें. मेरी आणि जोसेफ नाझरेथहून बेथलेहेमला निघालीं तो रस्ता डोळ्यांपुढें आणावा. तो किती लांब, किती रुंद, सपाट कीं चढउताराचा. आणि ती गुहा केवढी, उंच कीं ठेंगणी, हें सर्व पाहावें. मग त्या स्थळीं आपण स्वतः उभे आहों असें समजून चिंतन करावें. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं ही आपली मानसपूजा आहे. आचार्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या शिवमानसपूजेंत भक्त रत्नांचें आसन, हिमजलाचें स्नान, नैवेद्य, छत्रचामर हें सारें मनानेंच सिद्ध करतो.

परंतु मनानें रचावयाचें तरी कशानें? जें डोळ्यांनीं पाहिलेलें असेल त्यानेंच. जुव्याच्या खाजणांत वाढलेल्या शेतकऱ्यानें बर्फांतली गुहा कशी रचावी? त्याच्या ध्यानांत येशू जन्मावयाचा तर तो गोठ्यांत, शेणाच्या वासांत, माडाच्या झांवळ्यांच्या छपराखालींच जन्मला पाहिजे. फोन्सेका नेमकें हेंच करतात. एरवीं विचार करून पाहावें: मेरी ही पॅलेस्टाइनमधील एका खेड्यांतील यहुदी मुलगी. इटालियन चित्रकारांनीं तिला फ्लॉरेन्सच्या श्रीमंत बाईचा पोशाख चढविला, फ्लेमिश चित्रकारांनीं तिला फ्लँडर्सच्या दिवाणखान्यांत बसविलें. त्याला कोणी देवनिंदा म्हटलें नाहीं. मग लुगड्यानेंच कोणतें पाप केलें? सत्याच्या दृष्टीनें पाहिलें तर झगाहि उसना आणि लुगडेंहि उसनेंच. प्रश्न एवढाच कीं कोणत्या उसन्या वस्त्रांत ती आपल्या दाराशीं येऊं शकते.

मुलाला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “नाना, दाराशीं यावें याच हेतूनें तर लुगडें नेसविलेलें नसेल ना?” आक्षेप खोंचक आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मदुरेस रॉबर्ट दे नोबिली नांवाचा इटालियन पाद्री भगवीं वस्त्रें धारण करून, संस्कृत आणि तामिळ शिकून ब्राह्मणांत वावरत होता, तो धर्मांतरें करण्यासाठींच. वेषांतराचें भय आपल्या समाजाला उगीच बसलेलें नाहीं. मग फोन्सेकांना त्याच माळेंत ओवावें काय? माझें मत नाहीं असें आहे, आणि त्याचें कारण साधें आहे. नोबिलीचा वेष दुसऱ्यांसाठीं होता. फोन्सेका स्वतःसाठीं चित्र काढीत होते. ज्याला जाळें टाकावयाचें आहे तो आपल्याच लोकांकडून हांकून घेत नाहीं. शिवाय लुगडें हा त्यांच्यापुरता वेष नव्हताच. त्यांच्या आजीपणजीनें तेंच नेसलें असेल. गोव्यांतील ख्रिस्ती म्हणजे कोणी आकाशांतून पडलेले नव्हत. ज्यांनीं देवी घेऊन नदी ओलांडली ते आमचे पूर्वज, आणि ज्यांना ओलांडतां आली नाहीं किंवा ज्यांनीं ओलांडली नाहीं ते त्यांचे. लुगडें दोन्हीकडे तेंच होतें. मुलगा यावर कांहीं बोलला नाहीं. मीहि ताणलें नाहीं.

ख्रिस्ती नसलेल्या माणसानें अशा चित्रापुढें बसून चिंतन करावें काय, हा त्यापुढचा प्रश्न. महात्माजींच्या सेवाग्रामच्या झोपडींत मातीच्या भिंतीवर एकच चित्र होतें आणि तें येशूचें होतें, असें लुई फिशर या अमेरिकन पत्रकारानें १९४२ सालीं तेथें राहून आल्यावर लिहून ठेविलें आहे. त्यापूर्वीं १९३१ सालीं रोमला गेले असतां व्हॅटिकनमधील क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ति पाहून गांधीजी गहिंवरले होते. तथापि रामनाम त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. कलकत्त्याचे जामिनी राय (१८८७–१९७२) हे तर ख्रिस्ती नव्हतेच. त्यांनीं बंगाली पटचित्रांच्या ठसठशीत रेषेंत आणि विशाल नेत्रांत ख्रिस्ताचीं कितीतरी चित्रें काढलीं. हीं उदाहरणें मोठ्यांचीं झालीं. आमच्यासारख्या सामान्य प्रपंचिकांना तीं लागू करतांना थोडें जपून करावें, असें मला वाटतें.

कारण सगळींच ख्रिस्ती चित्रें आपल्याला सारखीं जवळचीं वाटत नाहींत, आणि वाटतात असें सोंगहि आणूं नये. मातेचें चित्र आपल्याला यशोदेच्या वाटेनें कळतें. क्रुसाचें तसें नाहीं. गोव्याचाच दुसरा एक चित्रकार, फ्रान्सिस न्यूटन सूझा. जन्म १९२४ सालीं साळगांवचा. १९४७ सालीं मुंबईंत जो प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचा गट निघाला त्याचा हा अग्रणी. १९४९ सालीं तो लंडनला गेला, २००२ सालीं वारला. त्यानें १९५९ सालीं काढलेलें क्रुसारोहणाचें चित्र लंडनच्या टेट संग्रहांत आहे. मीं त्याची प्रतिकृति तेवढी पाहिली आहे, आणि तीहि फार वेळ पाहूं शकलों नाहीं. काळ्या, दांडग्या रेषा, कांट्यांसारखें शरीर, कोठेंहि करुणेचा ओलावा नाहीं. भीषण आणि बीभत्स यांचें तें मिश्रण आहे. आमच्या साहित्यशास्त्राप्रमाणें बीभत्सालाहि रसांत स्थान आहे, पण देवाच्या ठिकाणीं बीभत्स ही कल्पना आमच्या अंगवळणीं पडलेली नाहीं. प्रभासक्षेत्रीं व्याधाच्या बाणानें श्रीकृष्णानें देह ठेवला, तो प्रसंग भागवतांत आहे, महाभारतांत आहे. परंतु तो कोणी देवघरांत लावीत नाहीं, त्याचा उत्सव करीत नाहीं. आपण गोकुळाष्टमी करतों.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हें कळविलें. त्यानें उलटटपालीं लिहिलें, “गुरुजी, घरांत कोणी वेदनेंत मरतांना पाहिलें असेल तर आमचा क्रूस कळेल, त्यासाठीं ख्रिस्ती व्हावें लागत नाहीं.” माझे बंधु घशाच्या कर्करोगानें गेले हें त्याला ठाऊक नाहीं. त्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत मीं त्यांच्या उशाशीं बसून विष्णुसहस्रनाम म्हटलें. आणि खरें सांगावयाचें तर शांताकार भुजगशयनाचें तें रूप डोळ्यांपुढें आणतांना एखाद्या रात्रीं माझें मन विचारी कीं हा जो येथें तळमळतो आहे त्याची खबर त्या शांत पुरुषाला आहे काय? सूझाचें तें चित्र मीं पत्र आल्यावर पुन्हां काढून पाहिलें. मला तें अजूनहि आवडत नाहीं. परंतु त्या रात्रींच्या माझ्या प्रश्नाला तो ओळखतो, असें मात्र वाटलें.

एका जिवंत परंपरेविषयीं लिहून मग पुरें करतों. फोन्सेकांनंतर हें काम थांबलें नाहीं. ज्योति साही यांचा जन्म १९४४ सालीं पुण्यांतच झाला. वडील हिंदु, आई इंग्रज ख्रिस्ती. लंडनमध्यें कलाशिक्षण घेऊन ते परत आले आणि पुढें बंगळूरजवळ सिल्वेपुरा या खेड्यांत त्यांनीं एक कलाश्रम उभारला. भारतीय लोकांच्या दंतकथा, मातीच्या मूर्ति, वारुळें, वृक्ष यांतून ख्रिस्ती प्रतिमांचा अर्थ लावण्याचें काम त्यांनीं चित्रांतून आणि लेखनांतून केलें. त्यांचें एक चित्र ‘दलित मॅडोना’ या नांवाचें आहे. तें इंग्लंडांतील मेथडिस्ट पंथाच्या चित्रसंग्रहांत आहे. त्यांत आई आणि मूल यांची कल्पना घरांतल्या रगड्यावरून घेतलेली आहे. मधें खोलगट असलेला मोठा दगड ही आई. त्या खोलगटींत बसणारा लहान दगड हें तिचें बाळ. दलित स्त्रीच्या घरीं संगमरवरी मूर्ति कोठची? तिच्या घरांत दगड आहे, आणि त्या दगडावर तिचा जन्म घासला गेला आहे.

चित्राचें वर्णन मीं एका संध्याकाळीं ओसरीवर वाचून दाखविलें. माझी सूनबाई शिकलेली आहे. ती म्हणाली, कल्पना फार अवघड आहे, सामान्य माणसाला कळावयाची नाहीं. वहिनी वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “अवघड कसली गं? बारशाला आपण वरवंट्याला कुंची-झबलं घालून आधीं त्यालाच पाळण्यांत निजवतों ना? मग बाळाला. तुझ्या मुलाच्या बारशाला मीच नव्हता का घातला?”

मी चकित झालों. चाळीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें, सोळा संस्कारांची नांवें मुलांकडून पाठ करून घेतलीं, आणि आमच्या घरीं दर बारशाला पाळण्याखालून या हातांतून त्या हातांत जाणारा तो नटविलेला वरवंटा मला कधीं दिसलाच नव्हता. तो बायकांचा विधि, म्हणून आम्ही पुरुष बाहेर पेढे वाटीत बसलेलों. बंगळूरच्या एका ख्रिस्ती चित्रकारानें तो दगड उचलून माझ्या हातांत दिला, तेव्हां कोठें मला माझ्या माजघरांत काय चालतें तें कळलें.

राहिला देवघराचा निकाल. मीं असें ठरविलें कीं चित्र देवघरांत नसावें. कोणाच्या वैरापोटीं नव्हे. ज्या देवतेची उपासना आपण स्वीकारलेली नाहीं, तिला आपल्या पंचायतनांत ओढून आणणें ही तिची आणि तिच्या उपासकांची अवज्ञा आहे. पाहुण्याला मानाचें आसन द्यावें, त्याला घरचा नोकर वा घरचा मालक करूं नये. म्हणून तें माझ्या लिहिण्याच्या मेजावर, कोशाला टेंकून ठेविलें. मुलाला हें पसंत पडलें. वहिनींनीं ऐकून घेतलें, वाद घातला नाहीं.

आठ-दहा दिवस गेले. एके सकाळीं लिहावयास बसलों तों चित्र जागेवर नाहीं. शोध केला तेव्हां तें देवघराच्या दाराबाहेर, कोनाड्यांत सांपडलें. पुढें एक जास्वंदीचें फूल. वहिनींना विचारलें, तर त्या म्हणाल्या, “तुमच्या मेजावर दुपारचं ऊन येतं, भाऊजी. तिच्या लुगड्याचा रंग उडाला असता.”